आधी खरेदीखत, मग प्रार्थना

तीर्थरूप आई-बाबांना सप्रेम सलाम,

रविवारी फोनवर मृत्युपत्राचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "प्रभू बघून घेईल, कागदांची घाई कशाला?" आणि आईने लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं यिर्मया 29:11 वाचून दाखवलं, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत असं परमेश्वर म्हणतो ते वचन. फोनवर हुज्जत घालण्यापेक्षा लिहिलेलं बरं. पवित्र शास्त्र शेजारी उघडून ठेवा.

अकरावं वचन कॅलेंडरवर एकटं छापतात, पण ते एका पत्रातलं आहे. बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून पाठवलेलं पत्र. त्याच्या वरच्याच वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. म्हणून पाचव्या वचनापासून कामं सांगितली आहेत: घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. त्याआधीच्या अध्यायातला हनन्या नावाचा संदेष्टा मात्र दोन वर्षांत सगळं परत येईल असं सांगत होता. ऐकणाऱ्याला विश्वास हनन्याचाच मोठा वाटतो! बाबा, बीपीची गोळी सोडून नुसता विश्वास ठेवा असं सभेत कुणी म्हणालं, तर त्याला 28वा अध्याय वाचायला सांगा. शेवटच्या वचनापर्यंत, म्हणजे हनन्याचं काय झालं ते कळेल.

आता 32वा अध्याय. इसवी सनपूर्व 587च्या सुमाराची गोष्ट. बाबेलच्या सैन्याचा यरुशलेमला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशात परमेश्वर सांगतो की चुलतभाऊ हनामेल येईल आणि अनाथोथचं शेत घे म्हणेल. अनाथोथ यरुशलेमपासून जेमतेम पाच किलोमीटर, म्हणजे वेढ्याच्या पलीकडे. असं शेत कोण घेतं?

इथे आठवं वचन सावकाश वाचा. वाणी आधी झाली, तरी यिर्मया उठून पैसे मोजत नाही. हनामेल खरोखर येतो, तेच बोलतो, आणि मग यिर्मया म्हणतो की हे परमेश्वराचंच वचन होतं हे मला समजलं. मनात आलेला विचार आणि देवाची आज्ञा यांत गल्लत होते ती हा थांबा गाळल्यामुळे. बाकीचं काम मात्र तो अगदी तलाठ्याच्या काटेकोरपणाने करतो. सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून दिलं. शेकेल हे तेव्हा वजन होतं, नाणं नव्हे. साधारण 190 ग्रॅम चांदी झाली. खतावर सही केली, मोहोर लावली, साक्षीदार घेतले. खताचे भाग दोन, एक मोहोरबंद आणि एक उघडा. उघडा भाग रोज बघायला. त्यात कुणी फेरफार केल्याचा वाद झाला तर मोहोरबंद भाग फोडून ताडून बघायचा, अशी त्या काळची रीत. दोन्ही आपला लेखक बारूख याच्या हाती दिले, सगळ्यांच्या देखत, आणि मातीच्या पात्रात ठेवायला सांगितले, पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून. (1982 साली यरुशलेमच्या जुन्या भागात उत्खननात कागदांना लावलेल्या अशा मातीच्या मोहरांचा साठाच सापडला. नगर जळालं तेव्हा पपायरसचे कागद गेले, मोहरा मात्र आगीत भाजून पक्क्या झाल्या.)

आणि प्रार्थना? ती सोळाव्या वचनात, खत बारूखाकडे दिल्यानंतर. त्या प्रार्थनेतही तो देवाला विचारतोच की नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जातंय आणि तू मला शेत विकत घ्यायला लावतोस? शंका होती. पण ती सहीच्या आड आली नाही.

ते शेत यिर्मयाला लाभल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याला पुढे मिसरला नेलं. पण एज्राच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्यांची यादी आहे, तिच्यात अनाथोथची 128 माणसं आहेत. आई, मला त्या यादीतली ही एक ओळ तुझ्या कॅलेंडरवरच्या वचनाइतकीच आवडते.

बाबा, म्हणून मृत्युपत्र करणं हा अविश्वास नव्हे. दोघांनी आपापलं वेगळं करा. घर, ठेवी, दागिने वेगवेगळे लिहा, घराचा सिटी सर्व्हे नंबर घाला. ठेवींवर नॉमिनी आहे म्हणून थांबू नका. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, तेवढ्याने मालक होत नाही. साक्षीदार दोन हवेत आणि दोघांनीही तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोलाही नाही. आपल्याला लागू असलेल्या 1925च्या वारसा कायद्यात अशाने मृत्युपत्र टिकतं, पण त्या माणसाला दिलेलं रद्द होतं. म्हणजे तुमचे जावई बाद. मंडळीतले, तुमच्यापेक्षा वयाने लहान असे दोघे बघा. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या, आणि त्याच सुमारास डॉक्टरांचा दाखला घ्या की शुद्धीत, समजून सही केली आहे. भांडणं बहुतेक याच मुद्द्यावर होतात.

झोपण्याआधी 38वा अध्यायही वाचा. चिखलाच्या विहिरीतून यिर्मयाला वर काढताना कूश देशाच्या एबद-मलेखाने दोरांबरोबर जुन्या चिंध्या सोडल्या, काखेत दोर काचू नये म्हणून. पुढच्याच अध्यायाच्या शेवटी परमेश्वर त्याला म्हणतो, तू माझ्यावर भरवसा ठेवलास.

मसुदा पाठवते. मोठ्या अक्षरात छापून घ्या, आणि मूळ प्रत कपाटात कुठे ठेवली ते दोघांनाही माहीत असू द्या.

तुमची,
मोठी