वीज बाबांकडे, कुलपं आईकडे

फीनिक्स, ॲरिझोना
गणपतीनंतरचा रविवार

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. आई विचारत होती, "त्या डब्यात रात्री कोणी शिरलं तर?" आणि मागून बाबांचा आवाज, "ते राहू दे, आधी विचार अर्थिंग कसं आहे." तेवढ्यात तुमच्याकडची लाइट गेली आणि वायफाय बंद पडलं. दिवाळीनंतर तुम्ही आलात की आपण याच ट्रेलरनं, म्हणजे गाडीमागे जोडायच्या चाकांवरच्या घरानं, ग्रँड कॅन्यनला जाणार आहोत, तेव्हा शंका मनात घेऊन विमानात बसू नका. निवांत लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. इथे आरव्ही, म्हणजे असं फिरतं घर, घेतली की लोक कुलपांवर भरपूर पैसे घालतात आणि वीज मात्र दिसेल त्या सॉकेटातून डोळे मिटून घेतात. चोर आला तर सायकल नेईल, जनरेटर नेईल, अगदी वाईट म्हणजे ट्रेलर नेईल. सगळ्याचा विमा आहे. अर्थिंग गेलं तर माणूस जाईल. म्हणून बाबांचा प्रश्न आधी घेते, आईनं रागावू नये.

बाबा, आपला ट्रेलर ३० अँपिअरचा. आरव्ही उभ्या करायच्या तळावर, म्हणजे कॅम्पग्राउंडवर, प्रत्येक जागेपाशी कमरेएवढ्या उंचीचा एक खांब असतो, त्याला पेडेस्टल म्हणतात. त्याच्या झाकणाखाली २०, ३० आणि ५० अँपिअरची सॉकेटं आणि ज्याचा त्याचा ब्रेकर. ३० च्या सॉकेटात १२० व्होल्टची एकच लाइन, न्यूट्रल आणि अर्थ. म्हणजे सगळा संसार ३,६०० वॉटमध्ये बसवायचा. मोठ्या आरव्ही ५० वर चालतात. त्यांना १२० च्या दोन लाइनी येतात आणि न्यूट्रल दोन्हींचा एकच. तो न्यूट्रल सुटला की एका लाइनीवर ८० आणि दुसरीवर १६०, असलं काहीही होऊ शकतं. आयुष्यभर वीज बोर्डात काढलेल्या माणसाला पुढे काय जळतं ते मी सांगायला नको.

हे खांब बारा महिने उन्हापावसात उभे असतात. दर दोन दिवसांनी नवा पाहुणा येऊन प्लग खुपसतो आणि जाताना ओढून काढतो, तेही पुष्कळदा ब्रेकर चालू ठेवून आणि आत एसी फिरत असताना. मग आतले कॉन्टॅक्ट ढिले पडतात, तापतात. मागच्या हिवाळ्यात एके ठिकाणी झाकण वर केलं तर ३० च्या सॉकेटचं एक भोक तपकिरी झालेलं, कड वितळून मेणासारखी ओघळलेली आणि आत धातूवर काजळी. वासावरूनच कळलं. मी प्लग हातातच धरून ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलानं एक शब्द न बोलता दुसरी जागा दिली, त्यावरून वाटलं की त्याला ते आधीपासून ठाऊक असावं. निघताना पाहिलं तर त्या खांबावर नुसती पिवळी चिकटपट्टी.

म्हणून आम्ही खांब आणि ट्रेलरच्या मधे एक डबा लावतो, त्याला ईएमएस म्हणतात. दुकानात याच्या शेजारीच साधा सर्ज प्रोटेक्टर निम्म्याहून कमी किमतीत मिळतो आणि बरेच जण तोच उचलतात. तो फक्त वरून आलेला झटका अंगावर घेतो आणि घेता घेता स्वतः संपतो. व्होल्टेज ९५ वर आलं तर तो नुसता बघत राहतो. ईएमएस आधी फेज-न्यूट्रल उलटे आहेत का, अर्थ आहे का, व्होल्टेज किती, हे तपासतो आणि मगच करंट आत सोडतो. १०४ च्या खाली किंवा १३२ च्या वर गेलं की तोडतो. परत जोडताना दोनेक मिनिटं थांबतो, एसीच्या कॉम्प्रेसरसाठी. गेल्या जुलैत एका गच्च भरलेल्या कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू होते आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत ११०, १०७, १०५ असा उतरत १०३ वर आला. खट्ट. मुलं ओरडली, जावई चिडले, आम्ही घामाघूम होऊन बाहेर खुर्च्या टाकून बसलो. पण व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग भाजतं, हे मला बाबांनी दहावीच्या आधीच शिकवलं होतं. शेजारच्याचा एसी चालूच होता. त्याचं पुढे काय झालं ते माहीत नाही.

आता अर्थिंग. वर्ध्याला आपण होतो तेव्हा कूलरला ओल्या हातानं शिवलं की बाबा पाठीत धपाटा घालायचे. ट्रेलरचं तसंच आहे. पत्रा, चासी, पायरी सगळं धातूचं आणि खाली रबराची चाकं. खांबातला अर्थ तुटलेला असेल आणि आत कुठे थोडी जरी गळती असेल, तर अख्ख्या बॉडीला करंट येतो. आत बसलेल्याला काही कळत नाही. जो ओल्या गवतावर अनवाणी उभा राहून दाराच्या दांड्याला हात लावतो, त्याला कळतं. म्हणून आमच्याकडे कडक नियम आहे. वीज जोडल्यावर पहिल्यांदा मी एकटी, चपला घालून, बिनस्पर्शाचा टेस्टर पत्र्याजवळ नेऊन बघते. तो वाजला तर खांबावरचा ब्रेकर बंद, आणि तोवर पायरीवर कोणी पाय ठेवायचा नाही. साधं मुंग्या आल्यासारखं वाटलं तरी "असू दे, जरासंच आहे" हे इथे चालत नाही.

तुम्ही आल्यावर हे खातं बाबांचं. ब्रेकर बंद आहे ना ते बघायचं, सॉकेटात टॉर्च मारायची, ईएमएस लावायचा, ब्रेकर चालू करून आकडे वाचायचे, परत बंद करायचा, मग ट्रेलरची केबल जोडायची आणि शेवटी ब्रेकर. निघताना आधी आतला लोड बंद, मग ब्रेकर, मग प्लग. जोडल्यावर अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघायचा. कोमट चालेल, चटका नको. विजा कडाडायला लागल्या तर सरळ केबल काढून ठेवायची, तेवढ्या वेळापुरती बॅटरी आहे. नोव्हेंबरात तसा धोका कमी, इथला पाऊस जुलै ते सप्टेंबरचा.

नोव्हेंबरात खरी भीती हीटरची. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, आपण ट्रेलर व्हिलेज नावाच्या कॅम्पग्राउंडमध्ये उतरणार. दरीच्या त्या बाजूला पार्कात वीज-पाण्याची सोय तिथेच आहे, शेजारच्या मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये नाही. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर, रात्री पारा शून्याखाली जातो. अशा वेळी लोक दुकानातला छोटा हीटर आणून लावतात. तो एकटाच १,५०० वॉट, म्हणजे साडेबारा अँपिअर, आणि रात्रभर. त्यात पाण्याचा गीझर विजेवर टाकला तर आणखी बारा. मग सकाळी कोणी मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. ब्रेकर पडला तर उत्तम, न पडता प्लग वितळतो ते वाईट. ट्रेलर गरम करायची त्याची स्वतःची भट्टी गॅसवर चालते, तिचा पंखा तेवढा बॅटरीवर. आम्ही तीच वापरतो, गीझरही गॅसवर. कार्बन मोनॉक्साइडचा आणि गॅसगळतीचा अलार्म आहे, दोन्ही निघायच्या आधी वाजवून बघते.

आई, तुझा मिक्सर आणू नकोस. २३० चा आहे, इथे तो चटणी वाटणार नाही, नुसता कण्हेल. इथला घेऊन ठेवलाय.

आणि आता तुझे चोर. तुला खोटा धीर देत नाही, चोऱ्या होतात. पण तू समजतेस तसे रात्री झोपलेल्यांच्या अंगावर येणारे क्वचित. इथला चोर ट्रेलर नुसता उभा असलेला बघतो. गाडीपासून सोडवलेला ट्रेलर म्हणजे चाकांवरची तिजोरीच, कोणीही आपली पिकअप मागे लावून हुक अडकवून नेऊ शकतो. त्यासाठी हुकाच्या तोंडात बसणारं कुलूप आहे आणि चाकाला पिवळा खोडा. दोन्ही तोडता येतात, पण वेळ लागतो आणि आवाज होतो. कुलपाकडून याहून जास्त अपेक्षाच नसते.

मला खरा धक्का बसला तो किल्लीचा. ट्रेलरच्या बाजूला सामानाचे कप्पे असतात ना, खुर्च्या-पाइप ठेवायचे, त्यांची किल्ली आम्ही जपून ठेवायचो. एकदा शेजारच्या जागेतले निवृत्त आजोबा गप्पा मारायला आले. खिशातून स्वतःच्या आरव्हीची किल्ली काढली, आमच्या कप्प्यात घातली आणि फिरवली. उघडलं! मला म्हणाले, "वाच." किल्लीवर सीएच ७५१ कोरलेलं. आमच्याही किल्लीवर तेच. या देशातल्या असंख्य आरव्हींच्या कप्प्यांना हीच एक किल्ली लागते आणि ती दुकानात कोणालाही मिळते. त्याच आठवड्यात सगळी कुलपं बदलली. स्क्रू-ड्रायव्हरनं होणारं काम आहे. मुख्य दाराला आकड्यांचं कुलूप बसवलं, तुझा जन्मदिवस घातलेला नाही, विचारू नकोस.

बाकी चोरीला जातं ते बाहेर ठेवलेलं. पुढच्या दांड्यावरच्या बॅटऱ्या, गॅसची नळकांडी, जनरेटर, सायकली. आणि गंमत म्हणजे चोरीपासून काही न वाचवू शकणारा तो ईएमएसचा डबासुद्धा, कारण तो खांबाला लटकलेला असतो आणि महाग असतो. त्याला आम्ही केबलचं कुलूप लावतो. ट्रेलरमध्ये एके ठिकाणी, सांगणार नाही कुठे, ट्रॅकर लपवलाय. ट्रेलरचा १७ अक्षर-आकड्यांचा व्हिन नंबर, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, आणि सगळ्या वस्तूंचे फोटो फोनमध्ये आहेत, पोलीस आणि विमेवाले पहिल्यांदा तेच मागतात. दाराबाहेर दोन खुर्च्या आणि जावयांचे ते अवाढव्य बूट ठेवून जातो, म्हणजे माणसं आत आहेत असं वाटावं. याचा उपयोग किती होतो देव जाणे, पण फुकट आहे.

बऱ्याच कॅम्पग्राउंडवर होस्ट म्हणून एखादं निवृत्त जोडपं हंगामभर मुक्कामाला असतं. आपण पोचलो की आधी त्यांना भेटायचं. तू दोन लाडू दिलेस तर ते आपल्या ट्रेलरवर जातीनं नजर ठेवतील. रात्री काही खुडबुड झाली तर दार उघडून बघायला जायचं नाही. उशाशी गाडीची किल्ली असते, तिचं लाल बटण दाबलं की भोंगा वाजतो. ग्रँड कॅन्यनला ती खुडबुड बहुतेक एल्कची असेल, सांबरापेक्षा मोठं जनावर, थेट ट्रेलरांच्या मधून चरत जातं. त्याच्या जवळ फोटोला जायचं नाही, हे बाबांसाठी.

कुलपांचं खातं तुझं. निघताना एक फेरी मारायची: कप्पे, दार, खिडक्या, डबा, हुक. तू घरी झोपायच्या आधी गॅस-कडी-नळ बघतेस, तेवढंच. दागिने लॉकरमध्येच ठेवून ये. पासपोर्ट आणि औषधं ट्रेलरमध्ये कधीच नाहीत, कमरेच्या पाऊचमध्ये. ॲरिझोनात दक्षिणेच्या रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलचे नाके लागतात, तिथे मूळ पासपोर्ट दाखवावा लागू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या परतीच्या तारखेपेक्षा महिनाभर जास्त आणा आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या.

बाबा, तुमचा टेस्टर मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत असला तर मुंबईला काढून घेतील. दिवा त्याचा इथेही लागेल, पण लाइन १२० ची आहे की ९० ची ते तो सांगत नाही, तेव्हा मल्टिमीटर माझा वापरायचा. दोघांना लोकरीच्या टोप्या मात्र तिकडूनच आणा, इथल्या आईला टोचतात.

तुमची,
मिनू