तडजोडीआधी जखमीला एकट्याला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजाऱ्यांमधल्या मारहाणीचा गुन्हा, दोन्ही बाजूंनी समेट केल्यामुळे उच्च न्यायालयाने रद्द केला, अशा बातम्या अधूनमधून वाचनात येतात. एकाच जिन्याने रोज चढायचे-उतरायचे असेल तर वर्षानुवर्षे तारखा घेण्यापेक्षा मिटवलेले बरे, हे मला मान्य आहे. पण तो समेट घडला कसा, याची चौकशी फार वरवर होते, अशी माझी तक्रार आहे.

अशा भांडणांत बहुतेक वेळा एकच क्रम दिसतो. मार खाल्लेला माणूस रुग्णालयातून पोलीस ठाण्यात पोहोचतो आणि मागोमाग मारणाराही तक्रार घेऊन हजर होतो. परस्परविरोधी गुन्हे दाखल होतात. ज्याचा हात मोडला तो आता फिर्यादीही असतो आणि आरोपीही. नोकरीच्या वेळी, पासपोर्टच्या पडताळणीत हा गुन्हा आडवा येईल या धास्तीने तोच आधी नमतो. मग न्यायालयासमोर येते ते ‘कोणत्याही दबावाविना’ असे लिहिलेले शपथपत्र. दबाव आणणारा भिंतीपलीकडेच राहत असेल, तर त्याला वेगळी धमकी द्यावीही लागत नाही.

साधी दुखापत (भारतीय न्याय संहिता, कलम ११५) जखमी व्यक्ती स्वतः मिटवू शकते. खुनाचा प्रयत्न (१०९) किंवा घातक हत्याराने केलेली दुखापत (११८) अशी आपसात मिटवता येत नाही, म्हणून उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराकडे, म्हणजे न्यायासाठी गुन्हाच रद्द करण्याच्या अधिकाराकडे, धाव घेतली जाते. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ५२८ मध्ये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ग्यान सिंग प्रकरणात या वाटेला मान्यता दिली, मात्र गंभीर गुन्हे त्यातून वगळले. २०१९ मध्ये लक्ष्मी नारायण प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आणखी स्पष्ट सांगितले: जखम शरीराच्या कोणत्या भागावर आहे, हत्यार कोणते होते, आरोपीची पूर्वपीठिका काय, तो फरार होता का, आणि त्याने फिर्यादीला तडजोडीस राजी कसे केले, हे पाहा. यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर शपथपत्रात कधीच सापडणार नाही.

याच निकालाने आरोपीचीही बाजू राखली आहे. नुसते खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले म्हणून गुन्हा तेवढा गंभीर ठरत नाही. त्याला जखमांचा आधार हवा. धक्काबुक्कीला मोठे कलम चिकटवले असेल तर आरोपनिश्चितीच्या वेळीच ते गळायला हवे. उलट दात तुटला किंवा हाड मोडले, तर कायद्याने ती गंभीर दुखापतच असते, मग पोलिसांनी ती ‘किरकोळ बाचाबाची’ म्हणून नोंदवलेली असो. दोन्ही बाबतीत खरे बोलतात ते वैद्यकीय कागद.

म्हणून परस्परविरोधी गुन्हे एकदम रद्द करायला येतात, तेव्हा दोन्ही बाजूंची वैद्यकीय प्रमाणपत्रे शेजारी शेजारी ठेवून वाचली जावीत. एकीकडे शस्त्रक्रिया आणि दुसरीकडे दोन दिवसांनी दाखवलेला ओरखडा असेल, तर दोन्ही तक्रारींना एकाच मापाने मोजणे हा जखमीवर दुसरा अन्याय आहे. न्यायालये फिर्यादीला समोर उभे करून संमती विचारतात, पण तेव्हा आरोपी आणि मध्यस्थी करणारी मंडळी तिथेच असतात. जखमीला एकट्याला, त्यांच्या गैरहजेरीत विचारावे. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडेही हे काम सोपवता येईल.

आणखी एक. गुन्हा रद्द करताना काही वेळा आरोपीला एखाद्या संस्थेकडे रक्कम भरायला सांगितले जाते. ज्याच्या उपचारांचा खर्च अजून फिटलेला नाही, त्या जखमीच्या हाती ती रक्कम आधी पडावी.

आपला,
एक नियमित वाचक