भाचा पळालेला नाही

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी काही लिहिणारा माणूस नाही, टॉवेल कारखान्यात पॅकिंगला होतो अठ्ठावीस वर्षं, आता घरीच असतो. मोबाईलवर टाईप करतोय त्यामुळं चुका असतील त्या बघून घ्या, पण पत्र तेवढं छापा. कारण पेठेत सध्या एकच चाललंय की अमक्याचा भाचा सौदीत काहीतरी लफडं करून जेलात बसलाय. तसं काही नाही ओ. जेल असतं तर निदान गुन्हा असता, कोर्ट असतं, तारीख असती. त्याला ठेवलंय तरहीलमध्ये. बाहेरच्या देशातल्या माणसांना परत धाडायच्या आधी कोंडून ठेवतात ती जागा म्हणजे तरहील. जुलैत आत गेला, आता डिसेंबर उजाडला, परत पण धाडत नाहीत आणि सोडत पण नाहीत.

पोरगं इथं रिक्षा चालवायचं, शाळेची पोरं ने-आण करायचं. दहावीत राहिलं. दहावी नापास असला की पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का येतो, म्हणजे सौदी, कुवेत असल्या देशात कामाला जायला सरकारची वेगळी परवानगी लागते. ती रीतसर काढूनच गेला, २०२४ च्या फेब्रुवारीत, घरचा ड्रायव्हर म्हणून. एजंटला नियमानं जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं हे मला आत्ता कळलं, आमच्याकडनं त्यानं एक लाख दहा हजार घेतले, पावती तीस हजाराची दिली. आता त्याच्या ऑफिसला कुलूप आहे, त्याचं काय ते नंतर बघू.

करारात पगार १५०० रियाल होता, तिथं गेल्यावर अरबीतल्या दुसऱ्या कागदावर सही घेतली, तो ११०० चा निघाला. पोरानं तेपण गोड मानलं. मालकाच्या पोरांना शाळेत सोडायचं, बाईंना बाजारात न्यायचं, तीन गाड्या धुवायच्या आणि रात्री शेतावरच्या बकऱ्यांना पाणी. ऑक्टोबर २०२४ पासून तिथल्या घरकामगारांना दिवसाला १० तासांपेक्षा जास्त काम लावायचं नाही आणि आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी द्यायची असा त्यांच्याच सरकारचा नियम आहे. बकऱ्यांना कुठं सुट्टी असते.

मग २०२५ च्या फेब्रुवारीपासून पगारच बंद. त्यात मार्चमध्ये इकामा संपला. इकामा म्हणजे तिथं राहायचं कार्ड, ते नवीन करायचं काम मालकाचं, त्याला तिकडं कफील म्हणतात. कामगाराला स्वतः करता येत नाही. हा रोज मागायचा, तो बुकरा म्हणायचा, म्हणजे उद्या. पाच महिने बुकरा झालं. शेवटी जुलैत पोरगं एक दिवस सकाळी कामगार ऑफिसला तक्रार द्यायला गेलं, बसनं, खिशात जुना इकामा आणि कराराची झेरॉक्स. त्याच संध्याकाळी कफीलनं त्याच्यावर हुरूब टाकला.

हुरूब हा शब्द आमच्या घरात आता रोज बोलला जातो, त्याचा अर्थ कामावरून पळालेला. कफीलनं ऑनलाईन नोंद केली की झालं, खरं खोटं आधी कुणी विचारत नाही. दोन दिवसांनी रस्त्यावर चेकिंग झालं, नंबर टाकला, पळालेला दाखवलं, गाडीत घातलं. माझी बहीण बिड्या वळते, कुंभारीच्या गोदूताई घरकुलात राहते. तिला मी हुरूब समजावून सांगितला तर म्हणाली, म्हणजे छाट. कारखान्यात बिड्या जमा करताना तपासणारा हवी तेवढी मूठ बाजूला काढतो, ही छाट म्हणतो, का ते सांगत नाही, ती बिडी त्याच्याकडंच राहते आणि मजुरी कापली जाते. चाळीस वर्षं छाट सोसलेल्या बाईला जास्त समजवायला लागलं नाही.

२०२१ च्या मार्चपासून सौदीनं कंपनीतल्या कामगारांना कफीलला न विचारता नोकरी बदलायची, देशाबाहेर जायची मोकळीक दिली हे पेपरात आलं होतं, मीच ते भाच्याला वाचून दाखवलं होतं. पण घरचे ड्रायव्हर, मोलकरणी, माळी, मेंढपाळ एवढे त्यातनं वगळलेले आहेत हे मी वाचलं नव्हतं. माझी चूक. मीच जा म्हटलो होतो त्याला.

आता मुख्य गोष्ट सांगतो, ज्याच्यासाठी पत्र लिहिलंय.

परत पाठवायचं तर पाठवा की, आम्ही नको कुठं म्हणतोय. पण त्याच्या नावावर ट्रॅफिकचा दंड आहे, तो भरल्याशिवाय एक्झिट, म्हणजे देश सोडायची परवानगी, लागत नाही. किती, तर १८५० रियाल, आपले चाळीस हजाराच्या वर. तिथं रस्त्यावर साहेर नावाचे कॅमेरे आहेत, गाडी ज्या ड्रायव्हरच्या नावावर लावलेली असते त्याच्या इकामा नंबरवर दंड पडतो. शेजारच्या बंगल्यावर एक निजामाबादचा पोरगा ड्रायव्हर आहे, आमच्याशी तोच संपर्क ठेवून आहे. बहिणीला घरकुलातल्या पद्मशाली बायकांमुळं तेलुगू छान येतं, त्यामुळं दोघं तासतासभर बोलतात, मला काही कळत नाही. त्या पोराकडं भाच्याच्या अबशर ॲपचा, म्हणजे तिथल्या सरकारी ॲपचा, पासवर्ड होता. त्यानं दंडाच्या यादीचा स्क्रीनशॉट पाठवला. मी चष्मा लावून, झूम करून एकेक तारीख वहीत उतरवली. एकूण पाच दंड. तीन जूनमधले, ते आम्ही मान्य करतो. दोन ऑगस्टमधले, स्पीडचे.

भाचा जुलैपासून आत आहे.

म्हणजे गाडी कफीलच्या घरचंच कुणीतरी पळवतंय आणि दंड तरहीलमध्ये बसलेल्या माणसाच्या नावावर पडतोय, आणि त्या दंडासाठी त्याला अडकवलंय. वर पाच महिन्याचा पगार ११०० नं धरला तरी ५५०० रियाल कफीलकडं येणं आहे. देणं कुणाचं कुणाकडं निघतं बघा.

हा स्क्रीनशॉट घेऊन मी एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी बघितलापण नाही, म्हणाले तुमचा पोरगा पळून गेलाय, त्यात आम्ही काय करणार. नंतर सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं जनरल डब्यातनं मुंबईला गेलो, बांद्र्याला परराष्ट्र खात्याचं विदेश भवन आहे तिथं. तिथल्या एका बाईंनी नीट ऐकून घेतलं, मदद पोर्टलवर, म्हणजे परदेशात अडकलेल्यांसाठीच्या सरकारी वेबसाईटवर, तक्रार भरून दिली, नंबर मिळाला, तिकडच्या आपल्या ऑफिसला फाईल गेलीय असं कळवलंय. बाईंचे आभार. त्यांनीच सांगितलं की १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, त्याप्रमाणं परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या दूतावासाच्या माणसाला भेटायचा हक्क आहे, फक्त त्यानं तशी मागणी करावी लागते. पासपोर्ट कफीलनं काढून घेतलाय, तरी दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट देतो, एकदाच भारतात यायला चालतं. आणि २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातनं अडकलेल्यांचं तिकीट, दंड, वकील यासाठी पैसे देता येतात. एवढी सोय आहे हे मला साठाव्या वर्षी कळलं, आणि एजंटच्या ऑफिसातल्या भिंतीवर फक्त मक्केचा आणि विमानाचा फोटो होता.

पैसे आम्ही भरू ओ. बहिणीनं पीएफ काढायचा अर्ज दिलाय. पण भरायचे कसे, कुणाकडं, आणि भरले तरी ती गाडी त्याच्या नावावरनं काढली नाही तर पुढच्या महिन्यात परत नवीन दंड पडणार. तेव्हा आमचे खासदार, जिल्हाधिकारी साहेब, यांना एवढीच विनंती की एक पत्र द्या, त्यात लिहा की दूतावासाच्या माणसानं आत जाऊन त्याला भेटावं आणि त्या दोन तारखा कफीलसमोर ठेवाव्यात. २०१४ साली आपल्या सरकारनं सौदीशी घरकामगारांबद्दल करार केलाय, त्याचा हवाला द्या.

तो महिन्यातनं एकदा, कधी दोनदा फोन करतो, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरनं, मिनिटभर. मागच्या वेळी मी उचलू शकलो नाही, रेकॉर्डिंग सोडलं होतं. "मामा, मी पळालो नाई ओ. पगार मागायला गेलतो. आक्काला सांगा दंड भरू नका म्हणून, ती गाडी मी चालवली नाई." मागं कुणीतरी ओरडत होतं, तेवढ्यात कट. आईला आक्का म्हणतो तो लहानपणापासून. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नंदीध्वजाबरोबर चालायचा, यात्रेत घालायची पांढरी बाराबंदी धुवून ट्रंकेत ठेवलीय तिनं, मी काही बोललो नाही.

शेवटी एक. ऑक्टोबरमध्ये मला एक फोन आला होता, माणूस म्हणाला मी अक्कलकोट तालुक्यातला, तुमच्या भाच्याबरोबर आत होतो, सुटून आलो, तो कधी आत आला ते मला माहीत आहे. मी रस्त्यात होतो, एसटीचा आवाज, नंबर सेव्ह करायच्या आधी फोन बंद पडला आणि दुरुस्तीत सगळं उडालं. दादा, तुम्ही हे वाचत असाल तर पेपरच्या ऑफिसला एक फोन करा. तो ऑगस्टमध्ये आतच होता एवढंच तुम्ही लिहून दिलं तरी बास आहे. कुठं यायचं ते सांगा, आम्ही येतो.

आपला,
एक मामा, सोलापूर
(नाव आणि मोबाईल नंबर संपादकांकडे दिला आहे, छापू नये)