मुठीत मावणारी कला

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अश्मयुगीन कलेवरचा लेख वाचला. गुहाचित्रांचा भाग आवडला. मात्र सोबत नेता येतील अशा छोट्या कोरीव वस्तूंना लेखकाने ‘सुफलतेच्या देवता’ म्हणून एका वाक्यात वाटेला लावले, ते खटकले. ऑस्ट्रियातील विलेनडॉर्फच्या स्थूल स्त्रीमूर्तीला देवी म्हणायचे ते आपण. घडवणारा तिला काय म्हणत होता, कोणास ठाऊक. त्यापेक्षा वस्तू घडवताना काय काय करावे लागले ते पाहावे. मनाचा माग तिथे जास्त भरवशाने लागतो.

जर्मनीतील होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत १९३९ मध्ये सापडलेला सिंहमानव घ्या. वय सुमारे ४० हजार वर्षे, उंची ३१ सेंटीमीटर, मॅमथच्या (हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या) सुळ्यातून कोरलेला. डोके सिंहाचे, उभे राहणे माणसाचे. (आपल्याला नरसिंह आठवतोच, पण तो इथे आणू नये.) असा प्राणी कोणीच पाहिलेला नव्हता, तो आधी मनात जुळवावा लागला. चकमकीच्या दगडाच्या हत्यारांनी तशीच प्रतिकृती कोरून पाहिली, तेव्हा सुमारे ४०० तास लागले. हिमयुगात एवढा वेळ कोरत बसणाऱ्याच्या वाट्याचे मांस आणि सरपण दुसऱ्या कोणीतरी आणले असणार. म्हणजे तो प्राणी टोळीलाही पटलेला होता. अंगावरची झीज पाहता तो बराच हाताळलेला दिसतो.

फ्रान्समधील मोंतास्त्र्यूकचे पोहणाऱ्या रेनडिअरांचे (थंड प्रदेशातल्या हरणांचे) शिल्प याहून वेगळे, सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीचे, तेही मॅमथच्या सुळ्यातलेच. सुळा टोकाकडे निमुळता, म्हणून मादी पुढे आणि थोराड नर मागे. नाके वर, शिंगे पाठीशी टेकलेली, पाय ताणलेले. इथे कल्पनेपेक्षा नजर बोलते. याचे दोन तुकडे १८६६ मध्ये मिळाले, पण ते एकाच शिल्पाचे आहेत हे ओळखायला विद्वानांना १९०४ उजाडले!

चेक प्रजासत्ताकातील दोल्नी व्हेस्तोनित्से इथली भाजल्या मातीची स्त्रीमूर्ती १९२५ मध्ये सापडली. ती घडली तेव्हा मातीची भांडी यायला अजून हजारो वर्षे होती. तिच्या पाठीवर एका मुलाच्या बोटाचा ठसा आहे, भाजण्याआधी उमटलेला. मूर्ती त्या मुलाने घडवली नसेलही. पण ओली असताना ती त्याच्या हाती लागली, आणि कोणी तो ठसा पुसला नाही. पुढच्या लेखात लेखकाने देवतांची एखादी ओळ कमी करून या ठशाला जागा द्यावी, ही विनंती.

— एक नियमित वाचक