उश्मालच्या गाईडकाकांना, बाबांकडून आणि माझ्याकडून थँक्यू

गाईडकाका, नमस्कार.

तुम्हाला मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये व्हॉट्सअपवर दोन ओळी पाठवल्या होत्या, पण त्या बघून बाबा चिडले, म्हणे त्या माणसाने भर उन्हात आपल्याला मेक्सिकोतल्या उश्मालचा, त्या जुन्या माया शहराचा, दगड न् दगड समजावला आणि तू त्याला नुसता हात जोडलेला इमोजी टाकतेस? म्हणून हे मोठं पत्र, आणि मराठीत, कारण बाबांना जे म्हणायचंय ते मराठीतच नीट येतं. तुमची मुलगी ट्रान्सलेटरमध्ये टाकेल तेव्हा त्याचं काय होईल देव जाणे. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, न विचारता चारचौघात कशाला.

तर सगळ्यात आधी, तुम्ही आम्हाला त्या जादूगाराच्या पिरॅमिडसमोर फोटोसाठी ताटकळत ठेवलं नाहीत त्याबद्दल थँक्यू. सगळे तिथेच अडकतात, साहजिक आहे, आत शिरलं की समोर पस्तीसेक मीटरचं ते गोलसर कोपऱ्यांचं धूड, वर चढायला बंदी, आणि एका बुटक्याने एका रात्रीत बांधलं अशी मस्त गोष्ट. ती गोष्ट तुम्ही चालता चालता उरकलीत आणि नेलंत कुठे तर एका पडक्या खोलीपाशी. मला वाटलं सावलीसाठी नेताय. पण तिथे भिंत अर्धी कोसळल्यामुळे आतलं सगळं उघडं पडलेलं, बाहेरून गुळगुळीत घडीव दगडाचा पातळ थर आणि पोटात चुन्याच्या मालात बसवलेले ओबडधोबड दगडगोटे. बाबांनी आयुष्यभर नाशिककडे छोटीमोठी बांधकामं घेतली, ते बघता क्षणी ओरडले, "अगं हे तर क्लॅडिंग आहे!" मी ते तुम्हाला इंग्लिशमध्ये सांगितलं आणि तिथून पुढे तुमचं दोघांचं जे जुळलं ते जुळलंच, मी फक्त मधली दुभाषी.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काय कळलं असेल तर छत. मी एरवी त्याला सरळसरळ कमान समजून चालले असते. तुम्ही दोन्ही हात पुढे करून दाखवलंत की ही आपल्या ओळखीची कमान नाहीच, मधे चावीचा दगड नाही, दोन्ही भिंतींवरून एकेक थर थोडा थोडा पुढे सरकवत आणायचा आणि वर जेमतेम फट राहिली की सपाट दगड टाकून बंद करायची. आमच्याकडे हेमाडपंती देवळांच्या मंडपात छत असंच थरावर थर पुढे काढत मिटवलेलं असतं, सिन्नरच्या गोंदेश्वराला बाबांनीच लहानपणी दाखवलं होतं, त्यामुळे ते लगेच मान डोलवायला लागले. पण तिथे चुना नाही, नुसता दगड दगडावर बसलेला, आणि इथे सगळा भार त्या आतल्या चुना-दगडाच्या घट्ट गोळ्यावर. म्हणून तर या पूक टेकड्यांतल्या, म्हणजे उश्मालच्या भागातल्या, छताचे दगड बुटाच्या आकाराचे, चवडा दिसतो आणि बाकीचा बूट आत मालात रुतलेला. आणि अशा छताने जास्त रुंदी झाकता येत नाही म्हणून राजवाडा केवढा थोरला आणि खोल्या बघाव्यात तर लांबच लांब अरुंद बोळ! हे कोणी सांगितलं नसतं तर मी "राजे कसे राहायचे बाई एवढ्या अंधारात" एवढं म्हणून पुढे गेले असते.

मग चिकू. दारावरचं लिंटेल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, लाकडाचं होतं, ते लाकूड कसलं म्हणून बाबांनी विचारलं आणि तुम्ही कुंपणापलीकडचं झाड दाखवलंत, सापोते. अहो ते चिकूचं झाड! आमच्या डहाणू-घोलवडचा चिकू, तो मूळचा तुमच्याकडचाच हे वाचून माहीत होतं, पण त्याच्या लाकडावर हजार वर्षं दगडी भिंत तोललेली असते हे कोणाला माहीत? जिथे जिथे ते लाकूड कुजलं तिथे वरचा दर्शनी भाग दाराच्या मापाने खाली आला, आणि नंतर दुरुस्तीत तिथे काँक्रीटचे लिंटेल आले. स्टीफन्स नावाच्या अमेरिकन प्रवाशाने इथलं एक कोरीव लिंटेल न्यूयॉर्कला नेलं आणि ते १८४२ च्या आगीत जळालं, हे ऐकून बाबा दिवसभर हळहळत होते.

गव्हर्नरच्या राजवाड्याबद्दल मात्र मी थोडक्यात लिहिते, कारण ते लिहून कळणारच नाही. जवळजवळ शंभर मीटर लांब, इ.स. ९०० च्या आसपासचा, वरच्या पट्ट्यात म्हणे २० हजारांच्या आसपास घडवलेले दगड, चाक नावाच्या पावसाच्या देवाच्या मुखवट्याचे डोळे वेगळे, कान वेगळे, सोंडेसारखं नाक वेगळं, सगळं सुटं घडवायचं आणि मग जुळवायचं. तेही लोखंडी हत्यार नाही, गाडी नाही, बैल नाही. बाबांनी एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले वरची भिंत ओळंब्यात नाही, बाहेर झुकलीय. तुम्ही हसलात. मुद्दाम झुकवलीय, खालून बघणाऱ्याला ती मागे पडल्यासारखी दिसू नये म्हणून! त्यानंतर 'मठ' म्हणतात त्या इमारतींच्या मधल्या चौकात गेल्यावर चौक गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही हे दिसलं तरी बाबांनी चूक काढायची हिंमत केली नाही.

त्या चौकात, दक्षिणेकडच्या इमारतीच्या दारांवर दगडात कोरलेल्या छोट्या छोट्या झोपड्या आहेत, पानांनी शाकारलेल्या. तुम्ही म्हणालात माझ्या आजीचं घर असंच होतं, आणि पुढे मुलीचा फोन आला तर माया भाषेतच बोलायला लागलात. २०१२ ला जगबुडी येणार म्हणून आमच्याकडच्या चॅनेलांनी केवढा धुमाकूळ घातला होता, आणि "गूढरीत्या नाहीसे झालेले माया लोक" हे तर अजून चालूच असतं, आणि नाहीसे झालेले गृहस्थ आमच्यासमोर फोनवर जेवायला काय केलंय विचारत होते.

पाण्याचंही राहिलंच. जवळ नदी नाही, सगळा चुनखडीचा प्रदेश, पाऊस पडला की पाणी झिरपून खोल गायब, मग जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी, म्हणजे चुल्तून, खणून, आतून गिलावा करून पावसाचं पाणी साठवायचं. त्याचं तोंड तुम्ही दाखवलं नसतं तर मी त्याला साधा खड्डा समजून ओलांडून गेले असते. भिंतभर पावसाच्या देवाचीच तोंडं का, हे तिथे उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागलं नाही.

बाबांचा एक प्रश्न राहिलाय. चुन्याच्या भट्टीला ओली लाकडं लावायचे असं तुम्ही म्हणालात, पण भाजलेला चुना किती दिवस भिजत ठेवायचे ते विचारायचं राहून गेलं, तुमच्या गावात अजून कोणी जुन्या पद्धतीने चुना करत असेल तर प्लीज विचारून कळवा, व्हॉइस मेसेज चालेल. आणि आमचे शेजारी डिसेंबरात तुमच्या जवळच्या मेरिदा शहरात येतायत, त्यांना तुमचा नंबर द्यायचा का तेही सांगा, ऊन चढायच्या आत या असं मी बजावून ठेवते.