इंग्रजीचा तास नेमका कशासाठी?

संपादक साहेब, नमस्कार.

मी सोलापुरात एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तरी पत्र इंग्रजीबद्दलच आहे, कारण त्या विषयाचा अर्धा भार शेवटी आमच्याच डोक्यावर येतो. आमच्याकडं मोहोळ, मंगळवेढ्याची मराठी मिडियमची पोरं येतात, पूर्व भागातली घरी तेलुगू बोलणारी येतात, अक्कलकोटकडची कन्नडवाली पण असतात. म्हणजे दोन-तीन भाषा यांना आधीच येतात, त्यामुळं "यांना भाषाच जमत नाही" हे स्टाफरूममधलं बोलणं मला अजिबात पटत नाही.

टायट्रेशनचा एंड पॉइंट, म्हणजे थेंब थेंब द्रावण टाकताना रंग बदलायचा नेमका क्षण, ही पोरं बरोब्बर पकडतात, आणि जर्नल लिहायचं म्हटलं की सीनियरचं जर्नल जसंच्या तसं उतरवतात, त्यातलं चुकलेलं रीडिंग पण. व्हायव्हाला मराठीत विचारलं तर खणखणीत सांगतात, इंग्रजीत विचारलं की गप्प. आणि इंग्रजीच्या तासाला बहुतेक ठिकाणी काय चालतं तर धडा, कविता, सारांश, रिकाम्या जागा. कविता शिकवू नका असं मी म्हणत नाहीये, मलाही आवडते, पण ऑब्झर्वेशन कसं लिहायचं, ग्राफ बघून चार वाक्यं कशी मांडायची हे मग कुणी शिकवायचं?

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. विषयाच्या गरजेप्रमाणं इंग्रजी शिकवायचं काम जगात १९६० च्या दशकापासून चालू आहे. न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली आर्ट्स, कॉमर्स, लॉ, सायन्स अशा चारी शाखांचं लिखाण तपासून सगळ्या विषयांत सारखे येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची (म्हणजे एक शब्द आणि त्याची सगळी रूपं) यादी काढली, असे शब्द अकॅडमिक लिखाणात साधारण १० टक्के असतात. आमची पोरं ऑक्सिडेशनला अडत नाहीत हो, ती 'अझ्यूम' आणि 'सिग्निफिकंट'ला अडतात!

पण नुसती यादी पाठ करूनही भागणार नाही. लॉच्या पोराचं बघा, तालुक्याच्या कोर्टात मराठी चालते पण घटनेच्या कलम ३४८ मुळं हायकोर्टाचं काम इंग्रजीत, आणि आता तर कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, त्याला लांबलचक जजमेंट वाचून मुद्दा काढता आला पाहिजे. कॉमर्सवाल्याला ऑडिट रिपोर्ट. सगळ्यांना एकच पुस्तक कसं पुरणार?

आपलं विद्यापीठ २००४ ला एकाच जिल्ह्यासाठी झालं, सगळी कॉलेजं जवळजवळ, त्यामुळं कुठल्या विषयाला कसलं इंग्रजी लागतं ही गरज तपासायचं काम इथं खरं तर सोपं आहे. फक्त पोरांकडनं फॉर्म भरून घेऊन थांबू नका. ती सगळी "स्पोकन इंग्लिश पाहिजे" असंच लिहिणार, इंटरव्ह्यूची भीती असते ना. तेही द्या, पण अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळानं विषयाच्या मास्तरांना विचारावं, जुने पेपर, जर्नलं, प्रोजेक्ट रिपोर्ट काढून बघावेत, पोरं नेमकी कुठल्या वाक्याला अडतात ते.

इंग्रजीच्या शिक्षकांना दोष देत नाही मी, कित्येक जण तासिका तत्त्वावर, वर्ग गच्च भरलेले, त्यात केमिस्ट्री त्यांना यावी ही अपेक्षाच चूक. आठवड्यातला एक तास दोघांनी मिळून घेतला तरी चालेल, ते वाक्य बघतील, आम्ही विषय बघू, पण तो तास दोघांच्याही वर्कलोडमध्ये धरायला हवा, नाहीतर कोण करतंय.

– एक प्राध्यापिका, सोलापूर