मॉनिटर इतक्यात टाकू नकोस

प्रिय मंदार,

मॉनिटर गेला, आता नवाच घेतो, असं तू लिहिलंस आणि माझा जीव कळवळला. दिवा लुकलुकतो पण पडदा काळाच, हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. माझ्या मॉनिटरलाही गेल्या महिन्यात तेच झालं होतं.

मागचं झाकण उघडलं तर पॉवर सप्लायच्या बोर्डावर दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्या, फुगलेले. चांगल्या कपॅसिटरचा माथा नाण्यासारखा सपाट असतो. यांचे टम्म वर आलेले, आणि एकाच्या माथ्यावरच्या फुलीतून तपकिरी चिकट द्रव पाझरून वाळला होता. वर्षानुवर्षं उष्णता सोसून आतला इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीज वाहून नेणारा द्रव, खराब होतो, मग बोर्डाला स्थिर व्होल्टेज मिळत नाही. बाकी पॅनेल, सर्किट, सगळं धडधाकट! दोन कपॅसिटरपायी एवढी वस्तू कचऱ्यात गेली असती.

बदलताना मायक्रोफॅरडचा (µF, म्हणजे साठवणक्षमतेचा) आकडा तोच ठेव, व्होल्ट तेवढेच किंवा जरा जास्त चालतील, आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा घे. पट्टा असलेली बाजू ऋण. ती उलटी लागली तर कपॅसिटर फुटतो, म्हणून काढण्याआधी फोटो काढून ठेव.

एक मात्र मनापासून सांगतो. प्लग काढल्यावरही त्या बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट टिकून राहू शकतात. मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या यंत्राने) तपासल्याशिवाय बोट लावायचं नाही. मायक्रोवेव्ह तर उघडूच नकोस, आणि मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचू किंवा दाबू नकोस.

संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात वाचलं, २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. त्या ढिगात असे दोन कपॅसिटर गेलेले मॉनिटर किती असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं.

सोल्डरिंगला हात बसला नसेल तर आपण दोघं मिळून करू. मार्टीन पोस्टमा यांनी २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरवलं, तेही असंच: जाणकाराशेजारी बसायचं आणि आपली वस्तू आपणच दुरुस्त करायची. रविवारी मॉनिटर घेऊन ये. सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर माझ्याकडे आहे. तोवर झाकण उघडून, कशालाही हात न लावता, फुगलेल्या कपॅसिटरवरचे आकडे तेवढे वाचून कळव, म्हणजे मी आणून ठेवतो.

तुझा,
अनिकेत